अप्सरेच्या पायाखालचा ढग

मी अप्सरा झालो तेव्हा मला भरघोस मिशी होती. ती काढायला मी तयार नव्हतो, कारण तिच्याशिवाय माझ्या तोंडावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी चितारी म्हणाला, राहू दे, रंगवताना मी मिशी वगळीन. त्याने मिशी तेवढी वगळली, बाकी सगळं होतं तसं काढलं. ती अप्सरा पडद्यावर आली, आणि त्यानंतर माजिवड्यात माझं लग्न जमायला फार त्रास झाला.

पण हे मधूनच सुरू झालं. मास्तर म्हणतायत पहिल्यापासून सांग. मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे. मला अक्षर येत नाही, मी बोलतो नि ते लिहून घेतात. दिवाळीच्या अंकवाल्यांनी त्यांना सांगितलं, चित्रांच्या खेळातल्या कुणा जुन्या माणसाच्या आठवणी आणा. खेळातली माणसं माझ्यापेक्षा हुशार पुष्कळ होती, पण ती मेली. म्हणून मी.

आता पडद्यावरची माणसं आपणहून हलतात म्हणे. पळतात काय, रडतात काय. आमच्या वेळी पडद्यावरचं एक माणूस हलवायला मागे तीन माणसं घाम गाळायची, आणि त्यातला एक मी असलो तर ते माणूस भलतीकडेच हलायचं.

आमचं घर माजिवड्याच्या मिठागरावरचं. मीही पाटी वाहिली. उजव्या खांद्यावर ओल्या मिठाची पाटी, बांधावरून चालायचं. वाहून वाहून माझा उजवा खांदा खाली उतरला तो उतरलाच, अजून अंगरखा एका बाजूला लोंबतो. बाप म्हणायचा, याच्या डोक्यावर काही देऊन उपयोग नाही म्हणून खांद्यावर देतो. असाच एकदा होडीतून मीठ घेऊन कल्याणला गेलेलो. तिथे तात्यांची गाठ पडली.

तात्या घड्याळं दुरुस्त करायचे. पण घड्याळात त्यांचं लक्ष नव्हतं. कुठल्याशा साहेबाच्या लिलावात त्यांनी चित्रं दाखवायचे दोन दिवे उचललेले, आणि त्यांना असा माणूस हवा होता की ज्याला अंधारात नुसतं उभं राहायचा कंटाळा येत नाही. मी म्हटलं, तात्या, मी उजेडातही नुसताच उभा असतो. त्यांनी ठेवून घेतला.

हा दिवा कसा असतो ते सांगतो, कारण आता तो कुणी बघितलेला नसेल. पत्र्याची पेटी, वर धुराडं. आत घासलेटचा दिवा, पुढे भिंग. दिवा नि भिंग यांच्या मध्ये एक फट. त्या फटीत काच घालायची. काचेवर बोटभर चित्र रंगवलेलं असतं, ते समोरच्या पडद्यावर हत्तीएवढं दिसतं. असे दोन दिवे शेजारी शेजारी ठेवायचे. एका दिव्यात माणसाचा हात खाली असलेली काच, दुसऱ्यात हात वर असलेली. पहिल्याचं झाकण हळू लावायचं, त्याच वेळी दुसऱ्याचं हळू काढायचं, की पडद्यावरचा माणूस हात वर करतो. लोक किंचाळायचे. तात्या पडद्याजवळ उभे राहून गोष्ट सांगत, आणि चित्र बदलायचं झालं की चिपळ्या वाजवत. झाकणं काचा रंगवणारा दाजी चितारी बघायचा. काचा घालणं माझ्याकडे. कारण तात्या म्हणाले, यात डोकं लागत नाही.

माझ्या पहिल्याच खेळाला तात्यांनी मला बजावलं, धाक्या, काच उलटी घाल. खाली डोकं, वर पाय. मी म्हटलं हो. पण मनात म्हटलं, हा शिकलेला माणूस मला अडाणी बघून माझी गंमत करतोय. मिठागरावर नव्या माणसाला चाळणीत पाणी आणायला पाठवतात, त्यातलाच प्रकार. आपण काय फसायचं नाही. मी काच सुलटी घातली.

आंबिवलीला पाटलांच्या मुलीचं लग्न होतं. पडदा उजळला आणि राजाची सगळी फौज डोक्यावर चालत आली. हत्ती आभाळाला पाय लावून. राजा सिंहासनाला लोंबकळतोय. तात्यांनी गोष्ट सोडून मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी दिव्यामागे छाती काढून उभा, कारण मला वाटलं दिवाच बिघडलाय आणि निदान माझं काम तरी बरोबर आहे. पाटील मात्र खूश. त्यांनी सुलटी चित्रं बघितलेली, उलटी पहिल्यांदाच. म्हणाले, हत्ती पुन्हा दाखवा. त्या लग्नात हत्ती इतक्या वेळा उलटा झाला की शेवटी नवरदेव मांडवाबाहेर जाऊन ओकला.

त्यानंतर तात्यांनी प्रत्येक काचेच्या एका कोपऱ्यात चुन्याचा ठिपका लावला. ठिपका उजव्या अंगठ्याखाली आला पाहिजे, बस. एवढं केलं की काच डोक्याने पण बरोबर जाते आणि तोंडाने पण. तोंडाने म्हणजे काय, तर काच पालटी गेली की चित्राचं डावं उजवं होतं, उजवं डावं. हे मला माहीत नव्हतं. कल्याणच्या एका खेळात तंबाखू खाताना माझ्या अंगठ्यालाच चुना लागला. मग जिकडे बघावं तिकडे ठिपका. देव भक्ताला प्रसाद देतोय ती काच पालटी गेली, आणि देवाने भरसभेत डाव्या हाताने प्रसाद दिला. पुढच्या रांगेतले भटजी उठून उभे राहिले. तात्यांनी हात जोडले, माफी मागितली, मला सगळ्यांदेखत गाढव म्हणाले, तेव्हा कुठे ते बसले.

पण त्यात एक गंमत होती, ती मला फार उशिरा कळली. आमच्या खेळाला पुरुष पडद्याच्या पुढे बसायचे आणि बायका मागे. तशी रीतच होती. पडदा मी पाण्याने चिंब करायचो, म्हणजे चित्र आरपार जातं आणि दोन्हीकडून दिसतं. पण मागून दिसतं ते सगळं पालटं. म्हणजे बायकांच्या बाजूचे देव कायमचेच डावरे. वर्षानुवर्षं त्यांनी डाव्या हाताचा प्रसाद घेतला आणि कुणी एक चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी पुरुष बोंबलत होते तेव्हा पडद्यामागून एक म्हातारी म्हणाली, आज मात्र देव नीट दिसले हो.

पडदा भिजवण्यावरूनही एकदा बोलणी खाल्ली. एका गावात विहीर लांब नि खाडी जवळ, म्हणून मी खाडीचं पाणी मारलं. पडदा वाळला तो पापडासारखा. दुसऱ्या दिवशी शेळ्यांनी चाटून चाटून त्याला बरोब्बर मधे भोक पाडलं. पुढचे कित्येक महिने आमच्या प्रत्येक राजाला बेंबीच्या जागी आभाळ दिसायचं.

तर अप्सरा.

तात्यांनी नवी गोष्ट बसवायची ठरवली. त्यात स्वर्गातली सभा होती आणि सभेत अप्सरेचा नाच. नुसता हात वर नाही, अख्खी गिरकी. एकेका काचेवर थोडी थोडी वळलेली अप्सरा, आणि दिवे भराभर बदलत न्यायचे. दाजी चितारी गणपती रंगवणारा माणूस, हात सोन्याचा. पण समोर बघितल्याशिवाय त्याला रेघ ओढता येत नसे. आता समोर उभं कोण राहणार? घरंदाज बाईला विचारायची सोय नाही. दाजीने बायकोला विचारलं तर तिने लाटणं उचललं. तात्यांनी इकडे तिकडे बघितलं, तर रिकामा मीच.

मला नऊवारी नेसवली. तीही तात्यांनी सोवळ्यासारखी नेसवली. एक हात कमरेवर, एक आभाळात. दाजीने जे दिसलं ते काढलं. उतरता खांदा, पोटऱ्या, माझा जबडा. आणि तात्यांनी पहिला खेळ लावला तो नेमका माजिवड्याला. सभा आली, देव आले, अप्सरा आली. सगळं गाव पुढे वाकलं. आणि पडद्यामागून, बायकांतून, माझ्या आयेचा आवाज आला. सगळ्या गावाला ऐकू जाईल असा.

"अगो, ह्यो तर माजा धाकू."

पुढचं काही सांगत नाही. खेळ तिथेच संपला. आये तेव्हापासून पाणी भरायला दुसऱ्या विहिरीवर जायची.

तरी तात्या हटले नाहीत. अप्सरा घेऊन आम्ही कल्याणला परत आलो नि शेणाळे तळ्याजवळ खेळ लावला. त्यांचं म्हणणं, कल्याणात धाकूला कोण ओळखतं. खरंच कुणी ओळखलं नाही. पण मी पडद्यावर आलो आणि मागून एक पोरगी हसायला लागली. एकदा सुरू झाली ती थांबेचना. खेळ संपल्यावर ती काठी टेकत दिव्यांपाशी आली. सतरा-अठराची असेल. मला म्हणाली, ही अप्सरा नाचत नाहीये, छप्पर शाकारतेय. मी म्हटलं बाई, ती अप्सरा मीच. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काठी टाकून खाली बसून हसली.

ती भिवरा. तिचं नाव मी ऐकलेलं. कल्याण-भिवंडीकडे कुठल्याही मोठ्या लग्नात भिवराचा नाच असला की माणसं पंगत सोडून उठायची. वर्षाआधी बैलगाडीतून उतरताना तिचा उजवा पाय चाकात गेला. हाड बसवणाऱ्याने ते बसवलं, पण तिरकं. उभी राहायची ती डाव्या पायावर, उजवा नुसता टेकवायचा. तिला सांभाळणारी तिची मावशी, देशावरची बाई. मावशीने भिवराला लहानपणापासून नाच शिकवलेला, तिच्या जिवावर घर चाललेलं. आता नाच बंद. मावशीने ठरवलेलं, नवरात्रात गाशा गुंडाळायचा. ज्वारी घेऊन आलेल्या ओळखीच्या गाड्या ठाण्याहून रिकाम्या परत जाणार होत्या, त्यात बसून फलटणला भावाच्या घरी जायचं. दळण-कांडण करायचं.

भिवरा तात्यांना म्हणाली, मी उभी राहते. तात्या घाबरले. नाचणारीला ओसरीवर घेतली तर लोक काय म्हणतील. ती म्हणाली, लोक काचेवरची बघणार, ओसरीवरची नाही. तात्यांनी तरी विचारलं, पायाचं काय, पाय लंगडा आहे तुझा. तेव्हा ती जे बोलली ते माझ्या कानात अजून आहे.

"तात्या, तुमच्या काचेवर कुणीच नाचत नाही. नुसते उभे असतात सगळे. नाचतो तो दिवा. मला उभं तेवढं राहता येतं."

तात्यांनी चष्मा काढून पुसला. हे इतकं साधं होतं की ते घड्याळवाल्याला सुचायला हवं होतं.

मावशीशी बोलायला मला पाठवलं, कारण मार खायची वेळ आली तर तो मला शोभला असता. मावशी उखळात मिरच्या कुटत होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, काचेवरची बाई काय कामाची, तिला बघून कुणाच्या अंगावर काटा येतो का? मी खरं ते सांगितलं, मावशे, माझ्याकडे बघून माजिवड्यात सगळ्यांच्या अंगावर आला. ती हसली नाही. पण म्हणाली, गाड्या ठाण्याहून सुटणार, तुमचा नवरात्राचा खेळ पण ठाण्याला आहे. सामान गाडीत भरून मी खेळाला बसते. पोरगी नाचताना दिसली तर राहीन. उभी दिसली तर तिथनंच गाडीत घालून नेईन.

परत येऊन मी भिवराला हे सांगितलं. तिने काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, धाकूदादा, जात्यावर बसले ना, की मी गेले. पीठ पडत राहील, पण मी गेलेली असेन.

मग तात्यांच्या ओसरीवर काम सुरू झालं. आणि लगेच अडलं. डाव्या पायावर भिवरा उभी राहायची, पण उजवा पाय उचलून धरता येईना. तो टेकायला काहीतरी हवं. पाट ठेवला, तर कडक, कळ जाते. उशी ठेवली, तर दबते. भिवराने इकडे तिकडे बघितलं, आणि या घरात असं बघणं सुरू झालं की शेवटी ते माझ्यावर येऊन थांबतं हे मला आता कळायला लागलेलं.

मी गुडघ्यांवर बसलो, हात जमिनीला टेकले. तिने उजवा पाय माझ्या पाठीवर ठेवला, आणि खरोखर सांगतो, मिठाच्या पाटीच्या मानाने काहीच वजन नव्हतं. दाजीला तो देखावा आवडला. तो म्हणाला, अप्सरा आहे, ढगावर पाय हवाच. आणि त्याने माझी पाठ होती तशी काढली, पांढरी केली, कडेने थोडी निळी. एका बाजूने उतरती.

असा मी अप्सरेवरून ढगावर आलो. ही माझ्या आयुष्यातली एकमेव बढती.

तासन्‌तास चालायचं ते काम. दाजीचा कुंचला पापणीच्या केसाएवढा. भिवरा हलायची नाही. मी हलायचो. मला शिंक यायची, मुंगी चढायची, गुदगुली व्हायची. मग भिवरा वरून शांतपणे सांगायची, ढगा, गप. ती दाजीलाही सोडायची नाही. बोटं अशी नाहीत, अशी. मान आधी वळते, मग खांदा, डोळे तर सगळ्यांच्या आधी पोचलेले असतात. दाजी पुसून पुन्हा काढायचा. काच वाळली की ती उन्हात धरून बघायची. स्वतःला एवढंसं बघितलं की त्या दिवशी घरी जाताना काठी जरा कमी वाजायची.

नवरात्र आलं. ठाण्याच्या टेंभी नाक्याला मोकळ्यावर पडदा बांधला. मी गोडं पाणी आणलं, चाखून बघितलं, तात्यांनाही चाखवलं. दिवेलागण झाली तशी गर्दी लोटली. पुढे पुरुष, मागे बायका. माझी आये माजिवड्याहून आलेली. तिला मी शपथेवर सांगितलेलं, या वेळी मी अप्सरा नाही. तिच्या शेजारीच मावशी बसली, आणि त्यांच्या मागे नाक्यावर गाडी उभी, सामान भरलेलं, बैल जुंपलेले.

भिवरा आमच्यात, दिव्यांमागे. नाचाला घुंगरू हवेत, म्हणून तिने ते मनगटांना बांधलेले. पडद्यावरच्या भिवराचं पाऊल हलेल तसे ती हात झटकणार.

सभा आली, देव आले. तात्यांनी चिपळ्या वाजवल्या. मी ठिपका अंगठ्याखाली धरून पहिली काच घातली. ती आली, ढगावर उजवा पाय टेकवून, डाव्यावर उभी. दुसरी काच, मान वळली. तिसरी, खांदा वळला. घुंगरू वाजले. पुढून असा एक आवाज आला की मी तसा पुन्हा ऐकला नाही, शेकडो माणसांनी एकदम श्वास आत घेतला की येतो तो. ती वळली, वळली, लोकांकडे पाठ झाली. अर्धी गिरकी झाली. आणि पुढची काच मी उचलली ती दिव्याजवळ ठेवून ठेवून तापलेली. फटीत घालताना चिट्‌ झालं. माझ्या हातात दोन तुकडे. खालचीही गेलेली, तिच्या खालचीही. गिरकीचा दुसरा अर्धा भाग सगळा एका ढिगात होता, आणि तो ढीग दिव्याला लावून कुणी ठेवला ते विचारू नका.

पडद्यावर अप्सरा पाठ करून उभी. तात्या चिपळ्या वाजवतायत. पुन्हा वाजवतायत. पुढून एकजण म्हणाला, पाठ काय दाखवतेस, वळ की. दुसरा म्हणाला, अरे ही कल्याणची लंगडी भिवरा, ओळखली, अडकला तिचा पाय. लोक हसायला लागले. दाजीने झाकणावरचा हात काढून कपाळाला लावला. आणि पडद्याच्या कडेने मला दिसलं, पलीकडे मावशी पदर झटकून उठली.

खरं सांगतो, मी पळायचा रस्ता बघत होतो. तेवढ्यात भिवराने माझा कान धरला.

"झालेल्या काचा आहेत ना? त्याच घाल. शेवटची आधी. आणि पालट्या घाल."

मी म्हटलं, पालट्या घातल्या तर तात्या मला मारतील. ती म्हणाली, नाही घातल्यास तर मी मारीन.

नाचणाऱ्याला जे अंगाने कळतं ते मला काचा हातात घेऊन कळलं नव्हतं. उजवीकडून वळत पाठमोरी झालेली बाई पालटी केली, की ती डावीकडून वळत पुढे येणारी होते. गेलेली अर्धी गिरकीच उरलेली अर्धी असते. मी ठिपका डाव्या अंगठ्याखाली धरला. ज्या एका गोष्टीसाठी मी गावोगाव शिव्या खाल्ल्या ती मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम केली.

काच गेली. दाजीचे हात झाकणांवर आले. अप्सरा हलली. पाठीवरून खांदा आला, खांद्यामागून मान, पण डोळे त्याआधी पोचलेले. भिवरा माझ्या शेजारी हात झटकत होती, घुंगरू असे की पडदाच वाजतोय. ती पूर्ण फिरून लोकांसमोर आली, आणि थांबली.

आणि पाय बदललेला. काच पालटी, म्हणजे पायही पालटे. आता डावा पाय ढगावर, आणि सगळा भार उजव्यावर. चाकात गेलेल्या उजव्यावर. ज्याने लंगडी म्हटलेलं, त्याच्याच तोंडून निघालं, अरे, दोन्ही पायांवर नाचली.

शेजारचे घुंगरू थांबले. मी बघितलं तर भिवरा हात खाली सोडून पडद्याकडे बघत होती. आपल्या उजव्या पायाकडे. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ढग ओला करू नकोस, काच घाल. तेव्हा कळलं, रडत मी होतो.

लोकांनी गिरकी पुन्हा मागितली. पुन्हा दिली. मी सुलट्या घालायचो, मग पालट्या, मग सुलट्या. ती फिरतच राहिली. इकडे पुरुषांना आधी डावा मग उजवा, तिकडे बायकांना आधी उजवा मग डावा. दोन्ही बाजूंना दोन्ही पाय मिळाले, कुणाची तक्रार नाही.

मावशी उठलेली ती उभीच होती. खेळ संपला तशी ती गाडीपाशी गेली. भिवरा काठी घेऊन मागोमाग. मी कंदील घेऊन, लांबून. मावशी गाडीवाल्याशी काहीतरी बोलली, मग सामानावरची दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना. भिवराने हात लावला तर तिचा हात झटकला, आणि म्हणाली, उजव्या पायावर तोल जातोय तुझा. मान थोडी मागं ठेव. उद्यापासनं बसू पुन्हा. भिवरा म्हणाली, मावशी, तो पाय खोटा होता, काचेचा. मावशी म्हणाली, मला शिकवू नगंस, मी बघितला.

उखळ मीच उतरवलं. माझ्या पायावर पडलं, पण ते सोडा.

त्यानंतर आमच्या खेळातल्या सगळ्या बाया भिवराच झाली. राण्या, देव्या, अप्सरा. लोक विचारायचे, आज ती कोण झालीय? खेळाआधी तात्या तिचं नाव मोठ्याने घ्यायला लागले, भिवराबाई, आणि ओसरीवर तिला पाट मिळाला. तिच्या पायाखाली जे काही लागायचं ते मी. खडक झालो, कासव झालो, एका गोष्टीत पुरा डोंगर झालो. खेळ बंद पडला तेव्हा काचा तात्यांच्या माळ्यावर गेल्या. एक तेवढी माझ्याकडे आहे, टेंभी नाक्याला पहिल्यांदा पालटी घातलेली. भिवराबाईनेच दिली. आता तिच्या ओसरीवर पोरी नाच शिकतात, ती पाटावर बसून नुसती मान हलवते, आणि पोरी सांगतात की ती नाचून दाखवते.

पण टेंभी नाक्याचं एक राहिलं. पडदा उतरवून मी आयेला शोधायला गेलो. सगळ्या बायका भिवराचं बोलत होत्या, तिचे हात, तिचे डोळे. आये एकटी बाजूला बसलेली, पडदा होता त्या रिकाम्या जागेकडे बघत. मी म्हटलं, चल. ती उठली, माझ्या उतरत्या खांद्यावर हात ठेवला, जिथे पाटी असायची तिथे.

"तिच्या पायाखालचा तो ढग," आये म्हणाली, "त्यो तू ना रं?"

मी म्हटलं, हो आये. मी हललो नसतो तर अजून चांगला आलो असतो.

"न्हाई," ती म्हणाली, "बरा आलास. अप्सरंपेक्षा बरा."

दुसऱ्या दिवशी ती जुन्या विहिरीवर पाण्याला गेली.